भांडणात जिंकतेस, मग पेपरात कुठे अडतेस?

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी सावद्याजवळच्या एका गावात राहते. घरची केळीची शेती आहे. यंदा बारावीला आहे आणि क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करते आहे. शाळा सेमी-इंग्रजी होती. बाकीच्या विभागांत गुण हळूहळू वाढताहेत, पण लॉजिकल रीझनिंगमध्ये 'या युक्तिवादात चूक कोणती' असं विचारलं की माझं हमखास चुकतं. दोन पर्यायांवर येऊन अडते आणि नेमका नको तोच निवडते. गंमत म्हणजे घरात, वर्गात वादात मला कोणी हरवू शकत नाही. आप्पा सगळ्यांना सांगतात, "ही वकीलच होणार." तर्कदोषांच्या बत्तीस नावांची यादी पाठ केली, तरी फरक पडला नाही. उताऱ्याचं इंग्रजी कळतं, पर्यायांचं कळत नाही. ओळखीतला एक मुलगा पुण्याचा क्लास लावून लागला, म्हणून आप्पा तोच क्लास लावायचा म्हणतात. फी ऐकून आईनं डोक्याला हात लावला. मला तर वाटतं मराठी शाळेतल्या मुलांना हे तर्काचं जमतच नाही, कारण आमच्याकडचं कोणी फारसं लागलेलं मी पाहिलं नाही. मी काय करू? आणि दोन पर्यायांत अडकले तर सोडून द्यावं की ठोकून द्यावं?

उत्तर:

वादात तुला कोणी हरवू शकत नाही म्हणतेस ना, दुखणं तिथंच आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

वाद जिंकायचा म्हणजे आपण काय करतो? समोरच्याचं म्हणणं खोटं पाडतो. "असं कधी झालंय का?" "तुला काय ठाऊक?" "परवा तर तू उलटं बोलत होतास!" पारावर, ओट्यावर एवढ्यानं भागतं. पेपर मात्र म्हणणं खरं की खोटं हे विचारतच नाही. दिलेली कारणं खरी धरूनच तिथे चालायचं असतं. निष्कर्ष बाहेरच्या जगात खरा ठरतो की खोटा, याच्याशीही पेपराला घेणंदेणं नाही. त्याचा प्रश्न एवढाच, की या कारणांवरून हा निष्कर्ष निघतो का, आणि निघत नसेल तर सांधा नेमका कुठे सुटलाय. तू कारणांशी भांडतेस, निष्कर्षाशी भांडतेस, आणि मधल्या सांध्याकडे बघायचं राहून जातं.

नुसतं सांगून हे कळायचं नाही, तेव्हा तुझ्याच शेतातलं उदाहरण घेऊ. समज, असा उतारा आला:

"गेल्या हंगामात एका गावात ज्या शेतकऱ्यांनी टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, केळीची रोपं लावली, त्यांची रास, म्हणजे उतरलेला माल, कंद लावणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त पडली. म्हणजे रास वाढली ती टिश्यूकल्चरच्या रोपांमुळेच. त्या गावातल्या कंद लावणाऱ्यांनीही पुढच्या मृगबागेला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या लागवडीला, ही रोपं लावली, तर त्यांची रास तेवढीच वाढेल."

यातली चूक कोणती?

तू केळीवाल्यांच्या घरातली. टिश्यूकल्चरच्या बागेत घड एकसारखे येतात, कापणी थोड्या दिवसांत आटोपते, रास चांगली पडते, हे सगळं तू डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे वाचतानाच तुझी मान डोलते: बरोबर तर आहे! आणि जे पटलं, त्यात चूक कुठून दिसणार? दुसरी एखादी, जिच्या घरची रोपांची अख्खी बाग व्हायरसनं उपटून टाकावी लागली, ती म्हणेल, "साफ खोटं आहे हे." तीही चुकेल. दोघींनी निष्कर्षावर आपापलं मत दिलं, आणि मत तर कोणी मागितलंच नव्हतं.

आता सांधा बघ. कारण काय दिलंय? रोपं लावणाऱ्यांची रास जास्त पडली, एवढंच. निष्कर्ष काय काढलाय? ती रोपांमुळे पडली. मध्ये एक उडी आहे. महागाची रोपं कोण लावतो? ज्याच्या हाताशी चार पैसे आहेत तो. त्याच्याकडे ठिबक असतं, ठिबकमधून खतं वेळेवर सुटतात, विहिरीनं तळ गाठला तर दुसरीकडे बोअर असतं. कंद लावणारा बऱ्याचदा पैशानं नाहीतर पाण्यानं अडलेला. मग रास वाढली ती रोपांनी, ठिबकनं की खतांनी? उतारा त्यावर चकार शब्द काढत नाही. रोपांनी वाढलीही असेल, मी नाही म्हणत नाही. पण उताऱ्यात जेवढं दिलंय, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. निष्कर्ष खरा आणि युक्तिवाद लंगडा, हे एकाच वेळी असू शकतं, आणि पेपर काढणाऱ्यांना हीच जागा फार आवडते.

पर्याय असे असतील असं धर. अ: रोपांचा खर्च कंदापेक्षा जास्त असतो, हे लक्षात घेतलेलं नाही. ब: रोपं लावणाऱ्यांकडे पाण्याची आणि खतांची सोय मुळातच चांगली असू शकते, हे लक्षात घेतलेलं नाही. क: एकाच शेतकऱ्याच्या अनुभवावरून सगळ्या गावाबद्दल बोललेलं आहे. ड: जे सिद्ध करायचं, तेच कारण म्हणून पुढे केलेलं आहे.

तू अ आणि ब मध्ये अडकणार, हे मी पैजेवर सांगते. अ मधलं विधान शंभर टक्के खरं आहे, रोपं महागच असतात. तुझ्या आप्पांना पहिला मुद्दा हाच सुचेल, आणि शेतकरी म्हणून तो अगदी रास्त आहे. पण निष्कर्ष रास वाढण्याबद्दल आहे, परवडण्याबद्दल नाही. रोप फुकट मिळालं काय नि सोन्याच्या भावानं मिळालं काय, रास कशानं वाढली या प्रश्नाला धक्का लागत नाही. म्हणून अ बाद. क मधला दोष जगात पैशाला पासरी सापडतो, पण या उताऱ्यात तो नाही, कारण इथे एका शेतकऱ्याची नाही, दोन गटांची तुलना आहे. ड वाचायला भारदस्त वाटतो, म्हणून घाबरलेली मुलं त्यावर टिक करतात. तो दोष असता, तर उताऱ्यात रोपांच्या बाजूनं वेगळं कारण दिलेलंच नसतं. इथे दिलंय, फक्त ते पुरत नाही. राहिला ब.

तुझ्या दोन पर्यायांच्या अडचणीचं मूळ यात आहे. चुकीचे पर्याय क्वचितच उघडउघड मूर्खपणाचे असतात. एक असतो खरा पण गैरलागू, दुसरा असतो दोष म्हणून बरोबर पण या उताऱ्यात नसलेला. तू पर्याय वाचताना परत "हे खरं आहे का?" असंच विचारतेस, म्हणून अ कडे ओढली जातेस.

सवय मोडायची तर जिभेपासून मोडायला हवी. युक्तिवाद वाचून झाला की मनात "छे, खोटं!" म्हणायचं नाही. म्हणायचं, "हो, पण कदाचित..." आणि ते वाक्य मराठीत पूर्ण करायचं. हो, रास जास्त पडली, पण कदाचित त्यांच्याकडे ठिबक होतं. तुझं वाक्य तयार होईपर्यंत पर्याय हातानं झाकून ठेव. मग हात काढ आणि तुझ्या वाक्याच्या जवळचा पर्याय शोध. सुरुवातीला वेळ लागेल, तो लागू दे. क्लॅटला १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, त्यातले लॉजिकलचे २२ ते २६. मिनिटाला एक हा हिशेब परीक्षेच्या दिवशीचा. सरावाच्या पहिल्या महिन्यात घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवलं तरी चालेल.

बत्तीस नावांची यादी आता बाजूला ठेव. आपल्या न्यायसूत्रांनीसुद्धा, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथानं, हेत्वाभास (तर्कातले दोष) पाचच सांगितलेत, बत्तीसचा सोस त्यांनीही केला नाही. लॅटिन नावं पाठ असलेली मुलं परीक्षेत उतारा सोडून यादी चाळत बसतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या चार-पाच जागा ओळखीच्या झाल्या की बहुतेक काम होतं.

कारण-परिणामाची जागा वर झाली, पण ती सगळ्यात जास्त येते म्हणून आणखी थोडं. दोन गोष्टी सोबत दिसल्या की उताऱ्यातला माणूस एकीला दुसरीचं कारण ठरवून मोकळा होतो. तिथे तीन शक्यता तपासायच्या. तिसरंच काही दोन्हींच्या मागे आहे का, जसं आपलं ठिबक? दिशा उलटी आहे का? "ज्या बागांत फवारण्या जास्त, त्याच बागांत करपा जास्त, म्हणजे फवारणीनं करपा वाढतो" असं कोणी म्हणालं, तर तू हसशील, कारण करपा आला म्हणूनच तो बिचारा पंप पाठीवर घेऊन फिरतोय. आणि तिसरी शक्यता, कावळा बसायला नि फांदी तुटायला गाठ पडली असेल. पेपरात विषय अनोळखी असतो, कुठल्याशा देशातलं कॉफी पिणं आणि हृदयविकार. तिथे हसू येत नाही, एवढाच फरक. मनात कॉफीच्या जागी फवारणी टाकून बघ.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. "वर नाशिककडे दमदार पाऊस झाला की गिरणेला पाणी येतं. आज गिरणेला पाणी आलंय. म्हणजे वर दमदार पाऊस झालाय." ऐकायला किती सरळ! पण हे वाक्य एप्रिलमध्ये गिरणाकाठच्या कोणालाही ऐकव, तो म्हणेल, "पाऊस कसला, आवर्तन सुटलंय." धरणाचं दार उघडलं तरी पाणी येतं. पाऊस पाणी यायला पुरेसा आहे, पण पाण्यासाठी दर वेळी पाऊसच लागतो असं नाही. वहीत पावसाकडून पाण्याकडे जाणारा एक बाण काढ. तो बाण उलटा फिरवायचा नाही, एवढं धरून ठेवलंस तरी पुष्कळ.

याच दोषाची उलटी बाजू: "मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिल्याशिवाय कोणी लागत नाही. ही तर दर रविवारी मॉक देते. म्हणजे ही लागणार." इथे मॉक आवश्यक आहे, पण तेवढं पुरेसं नाही. नुसत्या मॉकवर प्रवेश मिळता तर फोटोकॉपीवाल्यांची सगळी मुलं राष्ट्रीय विधी विद्यापीठांत असती. उताऱ्यात 'ओन्ली इफ', 'अनलेस', 'नेसेसरी', 'एन्शुअर्स' असले शब्द दिसले की पेन्सिल थांबव आणि बाण कुठून कुठे जातो ते बघ. गर्दीच्या पेपरात हुशार मुलं या वळणावरच घसरतात, कारण दोन्ही दिशांची वाक्यं कानाला सारखीच लागतात.

तुमच्याच जिल्ह्यात, अमळनेरला, १९१६ साली प्रतापशेठजींच्या आश्रयानं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहत आणि असल्या गोष्टींचा कीस काढत. न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण तू ऐकलं असशील: जिथे धूर, तिथे अग्नी. त्याचं उलट मात्र खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला अग्नीसोबत ओलं सरपण लागतं. ते सरपण नजरेआड झालं की माणूस अग्नीवरून थेट धुराचा निष्कर्ष काढतो. तुझ्या केळीच्या उताऱ्यातलं ठिबक म्हणजे तेच ओलं सरपण. क्लॅटवाले इंग्रजीत विचारतात म्हणून ही विद्या परकी आहे असं मुळीच समजू नकोस.

आकड्यांची जागा चटकन सांगते. "मागच्या वर्षी आमच्या तालुक्यातून दोघं लागले, यंदा चौघं, म्हणजे यंदा मुलांची शक्यता दुप्पट झाली." मागच्या वर्षी १० बसले असतील आणि यंदा ४०, तर आकडा दुप्पट होऊनही प्रमाण २० टक्क्यांवरून १० वर आलंय. लागलेल्यांचा आकडा दिसला की बसले किती हे विचारायचं. शेकडेवारी दिसली की एकूण किती हे विचारायचं.

आणि एक जागा खास तुझ्यासाठी, कारण वादात तू हीच वापरत असणार. "तो व्यापारी आहे, तो भाव पडणार असंच सांगणार, म्हणून त्याचं म्हणणं खोटं." माणसाचा स्वार्थ दाखवला म्हणून त्याचा मुद्दा पडत नाही. भाव पडण्याची त्यानं जी कारणं दिली, ती तपासावीच लागतात. वकील व्हायचंय म्हणून एक बारकावा लक्षात ठेव. कोर्टात साक्षीदाराचा स्वार्थ, त्याचं वैर, त्यानं आधी दिलेला वेगळा जबाब, हे सगळं उलटतपासणीत काढता येतं. जुन्या पुरावा कायद्यात ती मुभा होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तिथे तो दोष ठरत नाही, कारण साक्षीदार "मी पाहिलं, माझ्यावर विश्वास ठेवा" असं म्हणत असतो. सगळा भार त्याच्या शब्दावर असतो. युक्तिवाद करणारा मात्र कारणं पुढे ठेवतो. कारणं टेबलावर असताना माणसावर घसरणं हा दोष. उताऱ्यात कोणी साक्ष देतंय की युक्तिवाद करतंय, हे आधी ओळख.

आता पर्यायांच्या इंग्रजीबद्दल. उतारा कळतो आणि पर्याय कळत नाही, याचं कारण तुझं इंग्रजी कच्चं आहे हे नव्हे. पर्याय मुद्दाम गोष्टीचे तपशील गाळून लिहिलेले असतात. केळी, ठिबक, रास काहीच उरत नाही. उरतं ते "दोन गटांत इतर बाबतींतही फरक असू शकतो या शक्यतेकडे दुर्लक्ष". असा पर्याय आला की त्यात उताऱ्यातली माणसं परत बसव. 'दोन गट' म्हणजे कोण? रोपंवाले आणि कंदवाले. 'इतर फरक' म्हणजे काय? ठिबक. एखाद्या शब्दाच्या जागी बसवायला उताऱ्यात काहीच सापडलं नाही, तर तो पर्याय बहुधा चुकीचाच असतो.

असे पर्याय नीट पाहिलेस तर त्यांची दोनच मोठी घराणी दिसतील. एक 'फेल्स टू कन्सिडर', 'ओव्हरलुक्स', 'निग्लेक्ट्स'चं, म्हणजे काहीतरी लक्षात घ्यायचं राहिलं. दुसरं 'टेक्स फॉर ग्रांटेड', 'प्रिझ्यूम्स', 'अझ्यूम्स'चं, म्हणजे काहीतरी गृहीत धरलं. पहिल्या घराण्याची परीक्षा अशी: जे राहिलं म्हणतात ते खरं आहे असं धर. निष्कर्ष डळमळतो का? रोपं महाग आहेत असं धरलं, निष्कर्ष जागचा हलला नाही. ठिबक होतं असं धरलं, लगेच हलला. दुसऱ्या घराण्याची परीक्षा उलटी: जे गृहीत धरलं म्हणतात ते खोटं आहे असं धर. युक्तिवाद कोसळला, तर ते खरोखरच गृहीत होतं. उभाच राहिला, तर लेखकानं ते गृहीत धरलेलंच नव्हतं, पर्याय त्याच्या तोंडी घालतोय. या दोन कसोट्या तुझ्या यादीतल्या सगळ्या नावांना भारी आहेत.

सरावासाठी एक जाड वही कर. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाच्या तीन ओळी मराठीत लिही: निष्कर्ष काय, कारण काय, "हो, पण कदाचित" काय. चौथी ओळ लिहायची ती मी निवडलेला पर्याय मला का आवडला याची. ही चौथी ओळ कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात उपयोगाची तीच आहे. महिनाभरानं सलग वाचलीस तर तुझी खोड तुलाच दिसेल. माझा अंदाज, "कारण ते खरं होतं" हेच पुन्हा पुन्हा लिहिलेलं सापडेल. प्रश्न कुठून आणायचे? क्लॅटचे २०२० नंतरचे पेपर, कारण त्या वर्षीपासून परीक्षा उताऱ्यांवर आली. क्लॅट घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या संघाच्या, कन्सोर्टियमच्या, संकेतस्थळावर ते मिळतात. त्याआधीची गाईडं घरात असतील तर त्यातली दिशा, नातेसंबंध, बैठकव्यवस्थेची कोडी या आजारावरचं औषध नाहीत. निव्वळ युक्तिवादातल्या चुकांचा खुराक हवा असेल तर अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा, एलसॅट, बघ. ऑगस्ट २०२४ पासून त्यांनी कोड्यांचा विभाग काढून टाकला आणि तर्काच्या युक्तिवादांना आणखी जागा दिली. तिथे 'यातली चूक कोणती' हा प्रश्न सरळ याच शब्दांत येतो. मात्र ते प्रश्न क्लॅटपेक्षा अवघड असतात, तेव्हा दिवसाला पाचाच्या वर जाऊ नकोस.

ठोकावं की सोडावं? हा तर गणिताचा प्रश्न आहे, आणि उत्तर तुझ्या बाजूचं आहे. बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला पाव गुण वजा. चारांतले दोन पर्याय तू विचार करून बाद केलेस आणि उरलेल्या दोहोंत डोळे मिटून एक निवडलास, तर असे चार प्रश्न मिळून सरासरी दोन बरोबर, दोन चूक. २ वजा अर्धा, म्हणजे दीड गुण हातात. सोडले असतेस तर शून्य. तेव्हा दोहोंत अडकलीस तर उत्तर दे आणि पुढे चल. पाच-पाच मिनिटं घुटमळणं तेवढं परवडत नाही.

आता तुझ्या पत्रातले दोन युक्तिवाद राहिले. एक तुझा, एक आप्पांचा.

तुझा आधी. "आमच्याकडचं कोणी फारसं लागलेलं मी पाहिलं नाही, म्हणजे मराठी शाळेतल्या मुलांना तर्क जमत नाही." हो, पण कदाचित तुमच्याकडचं फारसं कोणी बसलेलंच नसेल. क्लॅट कशाशी खातात हे तुझ्या वर्गातल्या किती जणांना माहीत आहे? कदाचित ते पेपराच्या इंग्रजीत अडले असतील, कारण क्लॅट इंग्रजीतूनच द्यावी लागते. इंग्रजी वाचण्याचा वेग आणि तर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली वाचून वाढते. आणि "मी पाहिलं नाही" याचा अर्थ "झालं नाही" असा होत नाही. सावद्यातून जेवढं दिसतं तेवढंच तू पाहिलंस. राज्याची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी मराठीतूनही देता येते आणि तिथे चुकीला वजा गुण नाहीत. तिचाही अर्ज भर. क्लॅट सोडून दे म्हणून नव्हे, एकाच दारावर सगळं वर्ष लावू नये म्हणून.

आप्पांचा युक्तिवाद: "तो मुलगा त्या क्लासला गेला आणि लागला, म्हणून तो क्लास लावला की लागतं." यातले दोष तू आता स्वतः काढू शकशील. माझी एकच विनंती, ते त्यांना वादात हरवण्यासाठी काढू नकोस. मुलीसाठी ते एवढी फी भरायला निघालेत, त्यांच्यापुढे "हा तर्कदोष आहे" म्हणून उभी राहिलीस तर घरात चहासुद्धा मिळायचा नाही. त्यापेक्षा त्यांच्यासोबत पुण्याला जा. ऑफिसात भिंतीवर लागलेल्या मुलांचे फोटो असतील. फीचं बोलणं निघायच्या आधी आप्पांनाच विचारायला सांग, की त्या वर्षी या वर्गात एकूण मुलं किती होती? या फोटोंतली किती वर्षभर इथे बसली आणि किती फक्त मॉक टेस्टपुरती आली? ते आकडे लिहून देतात का, हेही विचारा. आणि तर्काचा एक तास तुला मागे बसून ऐकू देतात का ते बघ. शिकवणारा नुसतं बरोबर उत्तर सांगून पुढे जात असेल, तर ते काम तुझी वही फुकटात करते. बाकीचे तीन पर्याय का चुकले यावर तो वेळ घालवत असेल, तर फीचा विचार करायला हरकत नाही.